सदूभाऊंचा हातोडा

आमच्या तांब्याच्या कारखान्यात माझ्याइतका हुशार कारागीर दुसरा नाही. हे मी मालक गावाला गेले असले तरच बोलतो.

माझ्या शेजारी सदूभाऊ बसतात. वयानं माझ्यापेक्षा मोठे, तरी हंड्यावर ठोके मारून चकाकी आणताना त्यांचा हात थकत नाही. एक ओळ ठोकली की हंडा उजेडात फिरवतात आणि स्वतःशीच हसतात. तांब्याकडं बघून माणूस हसतो म्हणजे काहीतरी काळंबेरं असणारच. माझा तर उजवा खांदा आता वर जात नाही, आणि आमच्या धंद्यात खांदा गेला की माणूस घरी गेला.

डॉक्टरांनी विचारलं, "कामात जीव रमतो का? त्यानंही अंगाला फरक पडतो." मला नाही पटलं. रमण्यानं हाडं टिकत असती तर पारावरचे पत्तेवाले अजून कुस्त्या खेळत असते. मला संशय हातोड्याचा. काल सदूभाऊ चहाला गेले तेव्हा मी गुपचूप हातोडे बदलले. संध्याकाळी माझा खांदा आणखी सुजला, आणि सदूभाऊ माझ्या हातोड्यानं हंडा पुरा करून त्याच्याकडं बघत हसत होते.

शेवटी विचारलंच, "भाऊ, तुम्ही खाता तरी काय?"

हंड्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "गण्या, दिवसभर तू भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतोस. खरं तर तुझी मान जायला पाहिजे होती."