आमच्या व्याह्यांनी ठेवलेला वाद

अमेरिकेचा अध्यक्ष कोण होणार याची काळजी साऱ्या जगाला असते. पण अध्यक्षपदाचे उमेदवार निवडणुकीआधी समोरासमोर उभे राहून बोलणार की नाही, या काळजीने जेवण कमी करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि ते आमचे व्याही आहेत. वाशिम जिल्ह्यात रिठदच्या पुढे, सोयाबीन आणि तुरीच्या मधोमध त्यांचं गाव. इंग्रजी त्यांना येत नाही. अमेरिकेत किती राज्यं आहेत हे त्यांना ठाऊक नाही आणि ते जाणून घेण्याची इच्छाही नाही. पण एका उमेदवाराने 'मी त्या मंचावर जाणार नाही' असं म्हटल्याची बातमी आली, की त्या दिवशी त्यांची फवारणी राहते आणि मला वाशिमला फोन येतो. "इहिनबाई, थो पळून राह्यला बापा!" आमच्याकडे व्याह्याला इवाई आणि विहिणीला इहिन म्हणतात. मी सांगते, की पळू द्या, आपल्या तुरीला काय फरक पडतो? यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "कोन जिंकते यात काय हाये? कोनी ना कोनी जिंकतेच. समोर उभे राह्यले का नाई, ते सांगा."

ही आवड त्यांना अमेरिकेने लावलेली नाही, ती मुळातच होती. माझ्या सीमाची सोयरीक जमवायला ही मंडळी आली, तेव्हा चहा झाल्यावर मुलीला नेहमीचे प्रश्न सुरू झाले. व्याह्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "आपनच इचारून राह्यलो, हे बराबर नाई. आता पोरीकडच्यायनं इचारा." माझ्याकडची माणसं एकमेकांकडे बघू लागली. मी मात्र तयारीची बाई. मुलीला पुढे शिकवणार का, घरात पंखे किती, सासूबाईंचा स्वभाव कसा, सगळं क्रमाने विचारलं. शेवटच्या प्रश्नाला त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "तेजच हाये. पन दुपारी चांगली राह्यते." हे लग्न मी त्याच क्षणी मनात पक्कं केलं.

त्यांच्या घरी कुणालाही सलग बोलता येत नाही आणि कुणाला गप्पही बसता येत नाही. दोन भावांचं बैलावरून बिनसलं, की ते न्यायासाठी ह्यांच्याकडे येतात. हे न्याय देतच नाहीत. दोघांना ओसरीवर समोरासमोर बसवतात आणि आत हाक मारतात, "वरन लावा वं!" कुकर चढतो. पहिली शिट्टी होईपर्यंत एकाने बोलायचं, दुसरी होईपर्यंत दुसऱ्याने. मधे बोलेल त्याला जेवण नाही. बहुतेक भांडणं तिसऱ्या शिट्टीला संपतात आणि दोघे भाऊ त्याच वरणाशी भाकरी खाऊन जातात. सासूबाईंची तक्रार एवढीच, की गावाच्या शांततेपायी घरात रोज डाळीचा गाळ होतो.

अमेरिकेतला तो कार्यक्रम आपल्याकडे सकाळी दिसतो. लग्नानंतर सीमा सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेऊन, भिंतीच्या आडून बोलायची. एका सकाळी व्याही मोबाइल समोर ठेवून नुसते हातवारे बघत बसलेले तिला दिसले. तिने भिंतीमागूनच सांगितलं, "मामाजी, ते म्हणून राह्यले का तुमी खोटं बोलता." व्याह्यांनी लगेच शेजारचा पाट सरकवला. "थेथून नको सांगू, इथी बस अन् सांग." तेव्हापासून दर खेपेला सासरा आणि सून शेजारी बसू लागले. ती अर्थ सांगणार, हे वाद घालणार. "त्यानं असं नोयतं म्हनाचं." "मामाजी, त्याचंच बरोबर आहे." पदर कधी खांद्यावर आला, हे त्या घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही.

म्हणून सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि सीमा उभी राहिली, तेव्हा पुढे काय होणार हे मला ओळखता यायला हवं होतं. मी सुट्टी काढून गेले. घरभेटी कोणत्या आळीपासून, सभेला सतरंज्या कुणाच्या, चहा कोण करणार, सारं नीट लावलं. व्याह्यांच्या डोक्यात मात्र एकच गोष्ट. दोघी उमेदवार समोरासमोर!

दुसरी उमेदवार शोभा. तिच्या घरी वांगी-टमाट्यांचा बगीचा, तो व्याह्यांच्या वावराला लागून. व्याही तिच्या नवऱ्याकडे गेले आणि सरळ म्हणाले, "आमच्या सूनबाईचा अन् तुह्या बायकोचा वाद ठेवाचा हाये." आमच्या भागात वाद एकच असतो, धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, आणि तो तहसिलात चालतो. तो बिचारा उठला आणि कपाटातून सातबारा काढून आला. "काका, धुरा बराबर हाये आपला. चला, आत्ताच मोजून घ्या!" व्याह्यांनाही मोजणीचा मोह आवरेना. उन्हात दोघे दोरी घेऊन वावराच्या कडेकडेने फिरले. धुरा जागच्या जागी निघाला. घाम पुसत त्याने विचारलं, "मंग वाद कायचा?" तोवर गावात बातमी पोचली होती, की निवडणुकीपायी काकांनी शेजाऱ्यावर केस टाकली.

"शब्दच खराब हाये, इहिनबाई," ते येऊन म्हणाले. मी भाजी निवडत होते. मी म्हटलं, वाद म्हणू नका. मुलगी पाहतात तशी गावाने उमेदवार पाहायची, म्हणा. त्यांनी मला चक्क हात जोडले. संध्याकाळपर्यंत म्हाताऱ्या बायासुद्धा विचारू लागल्या, "पाहनं कवा हाये वं?"

शोभाच्या घरून होकार आला, पण तिला बोलता येत नव्हतं. तिला नाव विचारलं तरी नवरा सांगायचा. मला वाटलं, चला, आपलं सोपं झालं. आणि दुसऱ्या दिवशी बघते तर व्याही तिच्या बगीच्यात! वांग्यांच्या ओळीपुढे तिला उभी करून म्हणत होते, "हे गाव हाये असं समज. बोल. वांगे काई म्हनत नाईत." सीमा घरी तणतणली. "मामाजी, तुमी कोनाच्या पार्टीत हा?" ते शांतपणे म्हणाले, "एकलीनंच बोललं त त्याले भाषन म्हनते. भाषन आयकाले माह्याजवळ रेडिओ हाये." सकाळी सून, दुपारी शोभा, अशी शिकवणी चालली. आपल्याच सुनेला पाडण्याची इतकी मन लावून तयारी करणारा सासरा मी दुसरा पाहिला नाही.

शाळेच्या पटांगणात सारा गाव जमला. ओट्यावर दोन खुर्च्या, मधे गॅस, गॅसवर कुकर आणि कुकरजवळ मी; कारण व्याह्यांच्या मते शिट्टीची जबाबदारी बाहेरगावच्या माणसाकडे हवी. पहिल्याच फेरीत सीमा बोलत असताना शिट्टीला उशीर झाला आणि गर्दीतून आवाज आला, "इहिनबाईनं गॅस बारीक केला हो!" मी केला नव्हता. कुकरचं रबर सैल होतं. पण हशा इतका झाला की रबराचं कुणी ऐकेना. एक म्हातारा ओरडला, "पाहनं हाये त चालून दाखवा!" शोभा गोंधळली. सवयीने नवरा खालून उत्तर द्यायला उठला. आणि ती म्हणाली, "तुमी बसा. पाहाले मले आले सारे." बायकांनी ज्या टाळ्या पिटल्या, त्यात शिट्टी झालेली कुणाला कळली नाही.

शेवटचा प्रश्न व्याह्यांचा. तो दोघींना एकच होता, पण पाहत होते ते सुनेकडे. "आपल्या आळीले नळाचं पानी जास्त येते, खालच्या आळीले घागरभर. निवडून आल्यावर आपल्या आळीचं कमी करसान का?" सीमाने सासूकडे पाहिलं, आळीतल्या माणसांकडे पाहिलं. ती घोटाळली. "पाहू," ती म्हणाली. शोभाला पुन्हा विचारायची गरज पडली नाही. "करीन," एवढंच ती बोलली.

खालच्या आळीने आपली मतं कुठे टाकली हे सांगायला नको. सीमा पडली. गुलाल लावलेली शोभा आधी व्याह्यांच्या पाया पडायला आली, तेव्हा सीमा आत पोळ्या लाटत होती. ती बाहेर आली नाही. त्या दिवसापासून तिने सासऱ्यांशी बोलणं सोडलं. भांडली नाही, रुसून माझ्याकडेही आली नाही. ताट वेळेवर, औषध वेळेवर, पण शब्द नाही. मी फोनवर समजावलं, तर म्हणाली, "आई, परक्यानं विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं." व्याह्यांना एकदा विचारलं, कशाला विचारलंत हो घरच्याच मुलीला? ते म्हणाले, "तिले जमलं असतं म्हनून इचारलं." अमेरिकेत पुन्हा काहीतरी समोरासमोर झालं, तर ते त्यांनी आवाज बंद करून पाहिलं म्हणे. पाट शेजारी तसाच होता.

परवा सकाळी मी कामावर निघायच्या घाईत असताना त्यांचा फोन आला. आवाज अगदी दबलेला. "इहिनबाई, बोलू नका, नुसतं आयका." शोभाने व्याह्यांच्या आळीच्या नळाचा व्हॉल्व अर्धा बंद केला होता आणि बरं झालं, असं ते चहा पिताना सहज बोलले होते. फोनमधून माझ्या मुलीचा आवाज येत होता, चढलेला, स्वच्छ. "बरं काय झालं, मामाजी? अर्धा बंद करून दोनी आळ्यांले पुरत नाई! एक दिवस आपल्याले, एक दिवस त्यायले, असं पाहिजे. मी ग्रामसभेत उभी राहून सांगणार आहे तिले. मधे बोलू नका, माझं पूरं होऊ द्या!"

माझी बस निघून गेली असेल. मी फोन कानाशी धरून दारातच उभी होते. सीमा बोलत होती, थांबत नव्हती, आणि आमचे व्याही, ज्यांना कधी कुणाचं एक वाक्य मधे न बोलता ऐकवलं नाही, ते एक शब्द बोलत नव्हते. फक्त मधूनच त्यांनी नाक ओढल्याचं मला ऐकू आलं.