उचललेला दगड जागेवर ठेवणाऱ्या मॅडम

ज्या रानात वर्षभर एकही माणूस पाऊल टाकणार नाही, ते रान आपण कुणासाठी राखतो? डॉ. मृणालिनी खांबेटे यांनी हा प्रश्न आम्हा विद्यार्थ्यांना २०२० च्या वसंतात ऑनलाइन वर्गात विचारला. करोनामुळे उद्याने बंद होती आणि आम्ही आपापल्या खोल्यांत अडकलो होतो. मला उत्तर देता आले नाही. आजही येत नाही. मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा माझा अधिकार तेवढाच. पण उत्तर पाठ करून आलेली मुले मॅडमना कधीच फारशी आवडली नाहीत, या भरवशावर लिहिते आहे.

त्यांची माझी पहिली भेट त्याच वर्षी जानेवारीत झाली. मी नाशिक रोडहून डब्लिनला पर्यावरणशास्त्र शिकायला आले होते. माझे बाबा पिठाची गिरणी चालवतात आणि आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. मराठी आडनावाच्या प्राध्यापक दिसताच मी विभागाच्या जिन्यातच वाकून नमस्कार करायला गेले. त्यांनी चटकन पाय मागे घेतले.

"अगं, बुटांना चिखल आहे. वर बघ आणि नाव सांग."

मग आपल्या खोलीत नेऊन त्यांनी भिंतीवरचा माँटेनिग्रोचा नकाशा दाखवला. "हा देश तुझ्या नाशिक जिल्ह्यापेक्षाही लहान आहे आणि त्यात पाच राष्ट्रीय उद्यानं आहेत. मे महिन्यात जायचंय. चालता येतं ना?"

भूमध्य समुद्राच्या कुशीतला हा डोंगराळ देश हेच मॅडमचे आयुष्यभराचे काम आहे. चुनखडीच्या डोंगरात पाणी कुठे शिरते आणि कुठे वर येते, याचा माग त्या माझ्या जन्माआधीपासून घेत आहेत. दुर्मितोर डोंगरातले काळे सरोवर, बियोग्राद्स्का गोरातले जुने अरण्य, जिथे पडलेले झाडही कुणी उचलत नाही, आणि स्कादर सरोवराच्या तळाशी फुटणारे झरे, ज्यांना तिथले लोक 'डोळे' म्हणतात. त्या डोळ्यांबद्दल बोलताना मॅडमचा आवाज हळू होतो, जणू झोपलेल्या कुणाजवळ बोलत आहेत.

मे महिन्यातला आमचा दौरा अर्थातच रद्द झाला. मी दोन दिवस रडले. मॅडमनी निरोप पाठवला, "माँटेनिग्रो नाही, तर त्याचा चुलतभाऊ बघू." हा चुलतभाऊ म्हणजे आयर्लंडच्या पश्चिमेचा बरेन हा चुनखडीचा उघडा प्रदेश. तिथेही पाणी खडकात गडप होते आणि खडकांच्या भेगांत भूमध्य समुद्राकडची फुले उगवतात. जुलैत प्रवासाची मुभा मिळताच आम्ही तीन गाड्या काढून निघालो. आम्ही विद्यार्थी होतोच, शिवाय मॅडमच्या ओळखीचे, डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरातले एक मराठी कुटुंबही होते.

शेतात, डोंगरात, कुठेही मॅडमचा नियम एकच असतो: पाहण्यासाठी उचललेला दगड जसा होता तसा, त्याच बाजूने, त्याच जागी ठेवायचा. या बाबतीत त्या फार कडक आहेत. एकदा मी दगड नुसता खाली टाकला, तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कुणाच्या घराचं छप्पर काढून असं अंगणात फेकतेस का?" कौतुकात मात्र त्यांचा हात आखडता. आयर्लंडच्या लोकांसारखे 'ग्रँड', म्हणजे छान, एवढे म्हणाल्या, की आम्ही आठवडाभर खुशीत.

त्या कुटुंबातल्या कमलआजी फेब्रुवारीत नातीला भेटायला आल्या आणि विमाने बंद झाल्याने आयर्लंडमध्येच अडकल्या होत्या. आम्ही डबे उघडेपर्यंत आजींनी बाजूला बसून दगडावर दगड रचला. आमच्या नाशिककडे देवीच्या गडावर जाताना असे रचतात. असे रचले की देवी घर देते म्हणतात. आजींचा मुलगा ओशाळला. "आई, इथं चालत नाही हे! सॉरी हं, मॅडम."

मला वाटले, आता आजींची धडगत नाही. मॅडम त्यांच्याशेजारी खडकावर मांडी घालून बसल्या.

"आजी, कुणाचं घर बांधताय?"

"बांधायचं कशाला? हाय की तिकडं माझं. त्या घरी जायला मिळावं, यवढंच मागते. इमानच सुटंना, बाई."

मॅडमनी दगड उचललेली एक ओली जागा दाखवली. तिथे एक गोगलगाय उन्हात उघडी पडली होती. "ही बघा. हिचं घर गेलं."

"आगं बाई! मंग आता माझं मागणं मोडायचं म्हना."

"मागणं राहू द्या. दगड तेवढे जागेवर ठेवू."

"मास्तरीण हाय खरी! देवीलाबी नियम लावती," आजी हसल्या. मग दोघींनी मिळून दगड परत ठेवले. पांढऱ्या ठिपक्यांची, ऊन पाहिलेली बाजू वर, हे आजींनी पहिल्याच दगडाला ओळखले. पुढे दर रविवारी मॅडम आजींना फोन करत राहिल्या, तिकीट मिळेपर्यंत. घरी पोचल्यावर आजींचा पहिला फोन मॅडमना होता: "पोचले बरं का. दगड न रचता."

यंदा डब्लिनची पदवी हाती आली आणि माझी परीक्षा सुरू झाली. डब्लिनजवळ लिक्सलिपच्या संगणक-चिपच्या कारखान्यातली पक्की नोकरी समोर होती. घरी सगळ्यांना तीच हवी होती. दुसरीकडे मॅडमच्या प्रकल्पात स्कादरच्या झऱ्यांवर एक वर्षाचे काम होते, पुढचे काही ठरलेले नव्हते. मी मॅडमना म्हटले, तुम्हीच बाबांशी बोला.

"नाही," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं तर ते मान देतील. पटणार नाही. आणि लिक्सलिपला गेलीस तरी माझ्याकडे जेवायला येशीलच."

त्या दिवशी मला राग आला होता. आज वाटते, माझ्याही आयुष्यातला दगड त्यांनी स्वतःच्या हाताने हलवला नाही.

मी बाबांना फोन केला. स्कादरच्या कामाबद्दल सगळे सांगितले. मागे गिरणीचा पट्टा फिरत होता.

"तिकडं कुणी फिरायलाबी जात नाही म्हणतेस सध्या. मग राखायचं कुणासाठी?"

"माहीत नाही, बाबा. बघून सांगते."

पट्टा थांबला. "थंडी असते का गं तिथं?"

मॅडमना निरोगी, भरपूर चालण्याचे आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे चुनखडीच्या चढांवर त्यांना साथ देवोत, आणि चिखलाने माखलेल्या बुटांनी जिन्यात उभ्या असलेल्या त्या अजून कितीतरी घाबरलेल्या मुलींना भेटोत. समारंभाला मात्र मी हजर नसेन. लिक्सलिपला नकार जूनमध्येच कळवला. हा लेख स्कादरच्या काठावरच्या खोलीत लिहिते आहे. आज सकाळी पाण्याकडेचे दगड उलटून पाहिले, आणि एकेक जसा होता तसा परत ठेवला.