नकाशातलं जुनं गाव

मुलांनो, मागच्या रविवारी फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, तू सरकारला बाजारातून वीज घ्यायला सांगायचीस, म्हणजे गरिबांच्या विरोधात होतीस का?" फोनवर ते सगळं सांगणं शक्य नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

मी वीजधोरणाचा अभ्यास करून सरकारसाठी अहवाल लिहीत असे. घर नांदेडला, काम बहुतेक लातूरला. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली कोचिंग क्लास निघाले होते आणि वीज रोज कित्येक तास जायची. माझी योजना अशी होती: शहराने थोडा जास्त दर द्यावा, त्यातून बाहेरची वीज विकत आणावी. म्हणजे शहराचं भारनियमन थांबेल, आणि शहराच्या वाट्याची जी वीज वाचेल ती पाण्याचे पंप असलेल्या गावांना दिवसा सलग सहा तास मिळेल. त्या गावांची यादी मीच केली. नकाशात गाव शोधायचं आणि जवळून जाणारी वीजवाहिनी लिहायची.

हरकती ऐकायला जाहीर सुनावणी होती. आमचे साहेब म्हणाले, "जेवणाआधी उरकू." मलाही तो नुसता उपचार वाटत होता.

शेवटी एक बाई उठल्या. भूकंपात त्यांचं गाव पडलं आणि दूर माळावर नव्याने वसलं. तिथे त्यांची पिठाची गिरणी होती.

"मॅडम, तुमी आमच्या जुन्या गावाला लाईट देताय. तिथं आता नुस्त्या बाभळी हायत. बाभळीला दळण लागतंय का?"

सभागृह हसलं. एक क्लासवाले सर वैतागून म्हणाले, "मावशी, बसा आता. आमच्या पोरांची परीक्षा जवळ आलीय."

"तुमची पोरं भाकरी खात्यात का क्लासच्या नोटा चावत्यात, सर? आमच्या पाण्याचा पंप बी नव्या गावाच्याच लाईनवर हाय."

भूकंपानंतर मी त्याच भागात महिनाभर मदतीला राहिले होते. गावं हलवली हे मला ठाऊक होतं, तरी यादी करताना मी जुना नकाशा पुढे घेतला होता. त्यामुळे दिवसाची वीज जुन्या गावाजवळच्या वाहिनीला लिहिली गेली, आणि नवं गाव ज्या वाहिनीवर होतं तिचं दुपारचं भारनियमन तसंच राहिलं. दुसऱ्या आठवड्यात आदेशावर सही होणार होती, आणि झाली असती तर त्या गावाचं पाणी भर उन्हाळ्यात दुपारभर बंद राहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी जीप घेऊन मी नव्या गावठाणांत फिरले. वाहिन्यांचे खांब पायी चालत पाहिले. अशी आणखी चार गावं निघाली. यादी बदलली, साहेबांनी कुरकुर करत का होईना सही केली. परतताना बाईंच्या गिरणीत पाणी प्यायले. "बरं झालं तुम्ही बोललात," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "बोलायला मोटारीचं भाडं भरून गेल्ते की!"

वीज विकत आणावी, हे मला आजही पटतं. ती सुनावणी मात्र आम्ही उरकली नाही, याचं फार बरं वाटतं.

योजना पुढे बंद पडली, साहेबही गेले. गिरणी अजून चालू आहे, आता त्या बाईंची सून चालवते.