चीनहून आणलेलं घंगाळ

आमच्या सुरतेच्या लिंबायतमध्ये चीन बघून आलेली बाई एकच, माझी जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, भागीरथी. शाळेचं तोंडही न पाहिलेली. घरात आम्ही तिला बाई म्हणतो. गल्लीत कुणाला बाळ झालं की मालिशला बोलावणं बाईलाच. तिच्या हाताखाली किरकिरं पोर निमूट झोपायचं. आता ती दिवसभर साड्यांना टिकल्या चिकटवते आणि कुणाच्या अंगाला हात लावत नाही. हे माझ्यामुळे झालं, आणि आजवर मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

जेठाचं, थोरल्या दिराचं, नाव घेऊ नये, पण तुम्हाला कळायला हवं म्हणून घेते. उखा. पलसाण्याच्या रंगाच्या मिलमध्ये कामाला होते. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कामावरच त्यांची उजवी बाजू गेली. वाचाही गेली, नुसती घशात घरघर उरली. बाईला मूलबाळ नव्हतं, होतं ते एवढंच माणूस. तिने डॉक्टर केले, वैद्य केले, स्वतःचे हात झिजवले. पाय काही हलला नाही.

मिलच्या शेठच्या आईला, बांना, हाच आजार. त्यांना मालिश करायला बाई रोज बंगल्यावर जायची. दिवाळीनंतर शेठने बांना चीनला न्यायचं ठरवलं, तिथे म्हणे सुया टोचून असली माणसं उठवतात. बा हटून बसल्या, भागीरथी सोबत असेल तरच जाईन. बाई हो म्हणाली. गल्लीने तोंडसुख घेतलं, नवरा अंथरुणात आणि ही निघाली परदेशात. मीही घेतलं, खोटं कशाला बोलू? बाई मला मोरीपाशी गाठून हळूच म्हणाली, “बा चालायला लागल्या तर कशा लागल्या, ते मला डोळ्यांनी बघायचंय. मग मी यांना तेच करीन.”

पन्नास दिवसांची बोली होती. जेठ माझ्यावर टाकून ती गेली.

दर रविवारी सकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर तिचा फोन यायचा. शेठ लावून द्यायचे. काय काय सांगायची! तिथे म्हणे तहान लागली तरी लोक गरमच पाणी पितात, आणि चहा दुधाशिवाय, नुसता पाल्याचा. सकाळी बागेत आजे-आज्या रांगेने उभे राहून इतके सावकाश हात फिरवतात की बघणाऱ्याला झोप यावी, पण एकाचाही तोल जात नाही. औषधाच्या दुकानात छतापर्यंत लाकडी खणच खण, त्यातून मुळ्या, साली, वाळकी फुलं तोलून कागदात बांधून देतात. बांच्या पाठीला काचेच्या वाट्या लावल्या तेव्हा बाई हसली. अगं, ही तर आपली तुंबडी, माझ्या माहेरी म्हातारे लावायचे, म्हणाली.

त्या दवाखान्यात एक बुटकी म्हातारी अंग दाबायला होती. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. म्हातारीने पहिल्या दिवशी बाईचा हात बांच्या पोटरीवरून फिरताना पाहिला आणि तिला शेजारी बसवूनच घेतलं. आपला अंगठा ठेवायचा, दाबायचा, मग बाईचा अंगठा तिथे ठेवायचा. चुकलं की मनगटावर चापटी. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं सोडून एक जागा, तळव्याच्या मधोमध एक. वाळक्या पाल्याची जाड विडी पेटवून तिचा शेक कसा द्यायचा, तेही दाखवलं. चाळीस वर्षं बाळं चोळलेली माझी जेठाणी फोनवर शाळकरी पोरीगत बोलत होती. तेवढी खुशीत मी तिला आधी कधी पाहिली नव्हती, नंतर तर नाहीच.

तिसऱ्या रविवारी तिने मला काम सांगितलं. रोज संध्याकाळी त्यांचे पाय गरम पाण्यात घोट्यापर्यंत ठेव, पाण्यात सुंठ टाक. मग पुसून तळवे अंगठ्याने दाब. मी येईपर्यंत पाय जागे राहिले पाहिजेत.

मी हो म्हटलं. पण म्हणणं सोपं. जेठासमोर मी लग्नापासून डोक्यावरचा पदर खाली पडू दिला नव्हता. त्यांच्या ताटाशी वाटी सरकवायची तर भिंतीकडे तोंड करून. त्यांना अंघोळ घालणं, उचलणं माझा नवरा धुडकू करायचा, बारा तासांची लूमची पाळी उतरून आल्यावर, तेही अर्धवट झोपेत. त्या जेठाचे पाय मी हातात घ्यायचे? तरी घेतले. चार दिवस घेतले. मान खाली घालून, पदर दातात धरून तळवे दाबले. पाचव्या दिवशी समोरची मालतीबाई उंबऱ्यात उभी राहून हसली. “जेठाचे पाय चोळतेस होय गं? धुडकूचे कधी चोळलेस?” बस्, एवढंच. माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्या दिवशी मी बादली उचलून ठेवली ती ठेवलीच. संध्याकाळी दार मात्र लावून घ्यायची, मी काही करत नाही हे कुणी बघून बाईला सांगू नये म्हणून, आणि आत टिकल्या लावत बसायची.

रविवारी बाई विचारायची, “रोज करस ना?” मी म्हणायची, “हो बाई, रोज.” जेठांना बोलता येत असतं तर माझं पितळ उघडं पडलं असतं. ते फक्त संध्याकाळी मोरीतल्या बादलीकडे बघायचे. मग माझ्याकडे. डावा हात उचलून बादली दाखवायचे. मी तिकडे पाठ करायची. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मी एकदा पाहिलं, आणि तरी उठले नाही. माझ्या या हाडामांसाची मला लाज वाटते.

बाई यायच्या दोन दिवस आधी पहाटे ते गेले. डॉक्टर म्हणाला, झटका पुन्हा आला, पायांचा आणि याचा काही संबंध नाही. असेल. धुडकूने अग्नी दिला. बाई येईपर्यंत थांबणं कुणाच्या हातात नव्हतं.

बाईला शेठच्या ड्रायव्हरने कडोदऱ्यापाशी, घर जवळ आल्यावर सांगितलं. गाडीतून उतरली तेव्हा तिच्या कडेवर एक लाकडी घंगाळ होतं, चीनहून आणलेलं, दोन पाय मावतील एवढं. त्यात पाल्याच्या विड्या, मुळ्यांच्या पुड्या आणि म्हातारीने शाईने ठिपके काढून दिलेलं तळव्याचं चित्र. ती रडली नाही. रिकाम्या अंथरुणाकडे बघितलं आणि मला म्हणाली, “इंदू, पाय रोज शेकात ना वं?”

तेव्हा खरं सांगायला हवं होतं मी. तिने माझ्या झिंज्या उपटल्या असत्या, घरातून काढलं असतं, चाललं असतं. पण गल्ली भरून बाया उभ्या होत्या, मालतीबाई सगळ्यांत पुढे.

“हां बाई, रोज,” मी म्हटलं. मग तिने कडेवरचं घंगाळ खाली ठेवलं.

बा आता काठी टेकत चालतात. एकदा स्वतः गाडीतून आल्या, बाईला बोलवायला. बाई गेली नाही. घंगाळात आता टिकल्यांच्या पुड्या असतात.

गेल्या महिन्यात मालतीबाईच्या नवऱ्याची बाजू गेली. ती बाईच्या पायांशी येऊन बसली. चीनमध्ये शिकलीस ते कर, म्हणाली, हात जोडले. बाईने टिकली चिकटवता चिकटवता मान हलवली.

“त्यात काही नाही गं. माझ्या माणसाला रोज केलं, एक दिवस चुकला नाही. खोटं वाटत असेल तर इंदूला विचार.”

मालतीबाईने माझ्याकडे पाहिलं. ते लावलेलं दार तिने रोज संध्याकाळी बघितलं होतं, आत मी पाय चोळतेय असंच समजून. बाईनेही मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी मान डोलावली.

मालतीबाई उठून घरी गेली.