पाहुण्याचं 'येस'

माझा सरकारवर राग आहे. न मागता मिळालेल्या वस्तूवर माझा कधी विश्वास बसत नाही, आणि सरकारनं मला पाहुणा दिला तो न मागताच.

पारोळ्याच्या स्टँडवर हातगाडीवर केळी विकून मी वर आलो आणि जळगावला केळी पिकवायची थंड खोली बांधली. तिची यंत्रं बसवायला पोलंडचा एक कारागीर आला. यंत्रं बसली आणि लॉकडाउन लागलं. विमानं बंद झाली, तो माझ्याच घरी राहिला. त्याचा व्हिसा संपायला आला की सरकार आपणहून मुदत वाढवायचं. अर्ज नाही, घासाघीस नाही. मी बायकोला म्हणायचो, "एवढं सहज देताहेत ना, काढूनही तसंच घेतील."

तोवर तो आईजवळ अहिराणी शिकला. एकदा बाहेर पडताना तो "जास" म्हणाला, म्हणजे "जातो". आई कडाडली, "जास म्हनू नको रे भाऊ! येस म्हन." आमच्याकडे "येतो"ला "येस" म्हणतात. इंग्रजीतला होकारच इथं निरोप घ्यायलाही चालतो, याची त्याला भारी गंमत वाटली. तेव्हापासून उंबऱ्यावर हात जोडून "येस" म्हटल्याशिवाय तो पाऊल टाकत नसे.

मग विमानं सुरू झाली आणि सवलत संपली. आता देश सोडायलाही परवानगी घ्यायची होती. तो खूश. त्याची मुलगी तो इकडे असताना जन्मली होती. तिचं रांगणं, चालणं सगळं त्यानं फोनवर पाहिलं. मी मात्र घाबरलो. हंगाम तोंडावर, आणि खोलीचा कॉम्प्रेसर त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हता. त्याला न विचारताच मी ठरवलं, मुदत वाढवून घ्यायची.

परवानगीसाठी आम्ही पोलिसांच्या कचेरीत गेलो. साहेब कोल्हापूरकडचे.

"साहेब, तीन महिने द्या."

"सवलत संपली."

"बरं, दोन."

"भाऊ, ही काय भाजीमंडई आहे?"

"तुमचं राहिलं, माझं राहिलं, एक महिना द्या!"

साहेब वैतागले. "वेगळा अर्ज करता येतो, पण इच्छा त्यांची पाहिजे." मग मास्कमधून त्याला म्हणाले, "पाहुणे, तुम्हाला थांबायचंय का? बोला पटकन, नाहीतर निघा."

त्याला नेमकं "निघा" तेवढं कळलं. काम झालं असं समजून तो उठला, हात जोडले, आणि तोंडभरून म्हणाला, "येस."

"हो म्हणताहेत," साहेबांनी अर्ज पुढे केला. "भरा."

सौदा माझ्या पदरात पडला होता. गप्प बसायचं, एवढंच काम होतं. पण तो दाराकडे तोंड करून उभा होता. फोन हातात, त्यावर पोरीचा फोटो. मला संताप आला. कुणाचा, ते सांगता यायचं नाही.

"अरे, जास म्हन, जास!" मी ओरडलो.

"नही. आई म्हनस, जास म्हनू नको."

"काय चाललंय?" साहेब.

"साहेब, हे तुमचं इंग्रजी नाही, आमची अहिराणी आहे. माणूस निघालाय."

"आणि आत्तापर्यंत भांडत कोण होतं?"

"मीच होतो. द्या त्याची परवानगी!"

साहेब मास्क सावरत हसत सुटले. असा पडेल सौदा मी जन्मात केला नव्हता.

जळगाव स्टेशनवर गाडीच्या दारात उभं राहून त्यानं हात जोडले. "येस." आईनं पदर डोळ्यांना लावला. तो हंगाम मी दुसऱ्याच्या खोलीत केळी पिकवून काढला.

परवा त्याचा फोन आला. मी खडसावून विचारलं, "कधी येशील ते नक्की सांग."

"येस," तो म्हणाला.

शिकवलं आमच्याच घरानं. आता भाव तरी कसा करायचा?