बरणीमामाचं कुलूप

तीस वर्षं त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसल्या, म्हणून पोरं त्यांना बरणीमामा म्हणायची. मानलेले भाचे हजार, पण सख्खी भाची एकच, टिकली. बहीण गेली तेव्हा ही जेमतेम सहा वर्षांची. तेव्हापासून तिची आई म्हणा, बाप म्हणा, सगळं मामाच.

आता टिकलीची शाळा संपली होती आणि तिला मेंदूचं शास्त्र शिकायचं होतं. दोन कॉलेजांनी प्रवेश देऊ केला होता. एक मामांचंच, घरापासून चालत दहा मिनिटं. दुसरं रेल्वेने दीड दिवसावर. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. टिकली म्हणाली, मामा, तू सांगशील तिथे जाते, तुझ्याइतकी ती प्रयोगशाळा कोणाला ठाऊक!

झालं, मामांनी मनात मांडे खायला सुरुवात केली. सकाळचा चहा दोघांचा, संध्याकाळी जिन्यात तिच्या चपलांचा फटफटाट. साठी उलटलेल्या माणसाला आणखी काय हवं हो?

पण मग ती जुनी दुपार आठवली. शाळा लवकर सुटली म्हणून टिकली प्रयोगशाळेत आली होती. कपाटाच्या काचेला नाक लावून सारखं आपलं, ते काय, ते काय. किल्ली मामांच्या कमरेला. प्रयोगशाळेचे साहेब जेवायला गेलेले. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, कुलूप काढलं, तिच्या हातात मोठ्यांचे हातमोजे चढवले. ते तिच्या कोपरापर्यंत आले. मग बरणीतला मेंदू पाण्याने धुऊन तिच्या ओंजळीत ठेवला. एरवी तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या पोरीने तो हळूच उलटसुलट करून पाहिला. मग तिने विचारलं, यात आठवणी कुठे असतात? मामांना काय कपाळ माहीत! पण पोरीने तो प्रश्न काही सोडला नाही.

आणि कॉलेजातल्या पोरांनी? त्यांनी तोच मेंदू काचेतून पाहिला. कपाट बंद ठेवायचा हुकूम साहेबांचा होता खरा, पण किल्ली फिरवताना मामांनाही रुबाब वाटायचा, उगाच खोटं कशाला बोला. आजही तिथे तसंच चालतं. लांबच्या कॉलेजात मात्र पहिल्या वर्षापासून मुलं सगळं स्वतःच्या हातांनी करतात, असं माहितीपत्रकात होतं. टिकलीने ते उशीखाली सारलं होतं. मामाला एकटं टाकणं तिच्या जिवावर आलंय, हे न कळायला मामा दुधखुळे नव्हते.

"लांबचं घे," मामा म्हणाले.

"का? तुझं कॉलेज वाईट आहे?"

"वाईट नाही गं. पण तिथे कपाटाला कुलूप असतं. तीस वर्षं मीच लावलं. कोणाच्या हातात काही द्यायला उघडलं ते एकदाच, तुझ्यासाठी. तेवढ्यावर तू इथवर आलीस."

टिकलीने होकार कळवला आणि मामांच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली. मामांचा हात सवयीने कमरेकडे गेला. किल्ली तर निवृत्तीच्या दिवशीच परत दिली होती.