तानपुऱ्यातली बांगडी

आमच्या गल्लीतल्या शोभाताईंच्या गाण्याच्या क्लासचा कार्यक्रम होता. मुली गात होत्या आणि तानपुरा मोबाईलवर वाजत होता. हल्ली तो तसाच वाजतो. मी कान देऊन ऐकत होतो, तर त्या गुंजनात अधूनमधून एक बांगडी किणकिणत होती. शेजारी बसलेला माझा मित्र सुधीर हळूच म्हणाला, "मेधाची आहे ती."

ते तानपुऱ्याचं ॲप सुधीरनंच घरी बसून केलं होतं. त्याच्या रेकॉर्डिंगसाठी सुधीरची बायको मेधा तानपुरा छेडत असताना तिच्या हातातली बांगडी नकळत वाजून गेली होती. विकायला ठेवलेल्या त्या पहिल्या ॲपचं कुलूप कुणीतरी फोडलं आणि ते फुकट वाटून टाकलं. ॲप फोनाफोनांतून फिरत राहिलं आणि सुधीर शेवटी नोकरीला लागला.

मला नवल वाटत राहिलं. किती अनोळखी घरांत मेधाची बांगडी रोज पहाटे वाजत असेल! हा हात कुणाचा, असा प्रश्न तिथं कुणाला कधी पडत असेल का? की फुकट आलेल्या वस्तूमागे हातच नसतो?

कार्यक्रम संपल्यावर मी शोभाताईंकडे तानपुऱ्याचा विषय काढला.

"सूर गोड आहे हो," त्या म्हणाल्या, "पण ती बांगडी तेवढी काढायला हवी होती. करणाऱ्याला कंटाळा, दुसरं काय!"

सुधीर दारात चपला शोधत होता. मान वर न करता म्हणाला, "काढली होती, ताई. पण ते नवं ॲप विकत घ्यावं लागायचं."